झालं म्हणजे

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये गचका देऊन थांबली, दिवा लुकलुकला आणि माझ्या मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "झालं." एवढंच. ओरडला नाही, घाबरला नाही. आता बसा इथेच, अशा अर्थाने आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाला. त्याच्या काखेत कागदाची लांब गुंडाळी होती आणि ती माझ्या पाठीला टोचत होती. मिनिटभरात लिफ्ट पुन्हा चालू झाली, चौथ्या मजल्यावर दार उघडलं, तो उतरून गेला. मला सहाव्यावर जायचं होतं, तरी मीही त्याच्या मागोमाग तिथेच उतरले आणि अनोळखी व्हरांड्यात कुणाच्या तरी ऑफिसच्या पाटीसमोर उभी राहिले. कुठे जायचंय तेच विसरले होते. लिफ्ट अडकल्यामुळे नव्हे, मी काही एवढी भित्री नाही. त्या माणसाचं 'झालं' माझ्या कानात ज्या जागी जाऊन बसलं, तिथे आधीपासून एक 'झालं' होतं. अकरा वर्षांपूर्वीचं, दादाचं, विमानाच्या पंखाच्या पलीकडून आलेलं. इतकी वर्षं मी त्याचा अर्थ 'काम झालं' असा धरून चालले होते. दादाचा तो आवाज मला आता पुन्हा जसाच्या तसा ऐकू आला, आणि तो लिफ्टमधल्या माणसासारखा होता. काम संपवलेल्या माणसासारखा नव्हता. लिफ्ट अडकली तो गुरुवार होता आणि शनिवारी सकाळी दहा वाजता तपासनीस दादाने जोडलेलं विमान, ते उडण्याआधी, बघायला येणार होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आता एकाहत्तरचा आहे. जन्मभर दूध थंड करणारी यंत्रं दुरुस्त करत फिरला, आणि त्यातून वेळ काढून तरुणपणी हौसेने विमान चालवण्याचा परवाना मिळवला. तो परवाना त्याने लोक लग्नाचा फोटो जपतात तसा जपला. चौदा वर्षांपूर्वी त्याने एका दातांच्या डॉक्टरकडून एक अर्धवट विमान उचलून आणलं. दोन माणसं बसतील एवढंच, पत्र्याचं. असल्या विमानांचे सुटे भाग खोक्यांतून येतात आणि हौशी माणसाने ते स्वतः जोडायचे असतात. डॉक्टरने शेपूट पुरी केली होती, उजव्या पंखाचा सांगाडा उभा केला होता, आणि मग त्याचा दम संपला. वहिनीने पहिल्याच दिवशी त्या धुडाला 'माझी सवत' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीच्या कडेला एक शेड भाड्याने घेतली होती, तिथे सवत राहायची आणि दादाही बहुतेक तिथेच असायचा. मी रविवारी जायची. मला विमानाचं वेड नाही, उंचावर तर मला मळमळतं. पण आम्ही दोघंच भावंडं, माझं घर माझ्या एकटीचं, आणि रविवार फार लांबलचक असतो. शिवाय माझा हात बारीक आहे. दादा मला लहानपणापासून 'बारके' म्हणतो, आणि या कामात त्या बारकेपणाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

आमची कामाची एक पद्धत होती. दादाकडे एक पाना होता, ठरावीक जोर लागला की 'टक' असा आवाज करणारा. नट आवळताना तो टक झाला की थांबायचं. त्याहून कमी नाही, जास्त नाही. दादा टकपर्यंत आवळायचा, 'झालं' म्हणायचा, आणि मग मी बारीक ब्रशने नटावरून, बोल्टच्या टोकावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक पिवळी रेघ ओढायची. तो रंग वाळला की कडक होतो. पुढे कधी नट किंचित जरी फिरला तरी रेघ मोडते आणि बघणाऱ्याला कळतं. दादाचा नियम असा की रेघ दिसली की त्या नटाकडे पुन्हा वळून बघायचं नाही. नाहीतर माणूस वेडा होईल, तो म्हणायचा, हजारो नट आहेत. दुसरा नियम असा की हातात घेतलेला भाग अर्धा आवळून उठायचं नाही, कारण अर्धवट सोडलेलं काम डोक्यात आपोआप पूर्ण होऊन बसतं आणि मग आपणच शपथेवर सांगतो की मी ते केलं. हे तो मला इतक्यांदा सांगायचा की मी त्याच्याबरोबर ओठ हलवायची. तेव्हा आम्ही फार हसायचो.

डाव्या पंखाच्या पोटात एक ब्रॅकेट आहे, चार बोल्टांवर बसवलेला. वैमानिकाच्या हातातल्या दांड्याची हालचाल तिथे वळते आणि पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीपर्यंत जाते, म्हणून दादा त्या भागाला 'कोपर' म्हणतो. कोपर अडकलं तर विमान एका अंगाला कलतं आणि कललेलंच राहतं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी आम्ही तो ब्रॅकेट बसवत होतो. पंख लाकडी घोडीवर उभा होता. दादाचा लांब दांडीचा पाना एका बाजूने जायचा, आणि माझा हात दुसऱ्या बाजूच्या गोल भोकातून. भोक एकच, त्यातून एक तर डोळा जाईल नाहीतर हात, म्हणून मी चाचपून रेघ ओढायची. दादा 'झालं' म्हणेपर्यंत ब्रश बाहेर धरून पत्र्याकडे बघत बसायची. सकाळी वहिनीचा हॉस्पिटलमधून फोन आला होता. आई तिथे नऊ दिवस होती. वहिनी म्हणाली की आज आई तुम्हा दोघांची फार आठवण काढतायत, या. डॉक्टर अजून दोन-तीन दिवस म्हणत होते. दादा फोनवर म्हणाला, चार बोल्ट झाले की निघतो. मी ब्रश उचलला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्या खोलीत जायचं माझ्या जिवावर यायचं. आईचे हात चादरीवर काहीतरी शोधत असायचे, आणि आपण पुढे केलेला हात त्यांना नको असायचा. पंखाच्या आडोशाला, ब्रश हातात धरून बसणं किती सोपं होतं. पहिला बोल्ट झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मग फोन वाजला, दादा कुणाशी तरी 'हं' म्हणाला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "झालं." मी हात आत घातला, नट चाचपला आणि चौथी रेघ ओढली. हात बाहेर काढला तेव्हा दादा पंखाला वळसा घालून माझ्यासमोर उभा होता. आई गेली, असं तो म्हणाला की नुसता उभा राहिला, हे मला आठवत नाही. ब्रश मी बाटलीत बुडवून ठेवला होता, एवढं आठवतं, कारण एकोणीस दिवसांनी आम्ही परत गेलो तेव्हा तो कडक होऊन बाटलीतच चिकटला होता.

चौथ्या मजल्यावरच्या त्या व्हरांड्यात मी हे सगळं पुन्हा पुन्हा चालवून बघत होते. फोनच्या आधी टक झाला होता का? झाला असेल तर दादाने पाना नटावरून काढून मग फोन घेतला. झाला नसेल तर माझी रेघ खोटी आहे. नट पत्र्याला टेकवला तेवढाच बसलाय, आत नायलॉनचं कडं असतं म्हणून जागचा हलणार नाही, पण आवळलेला नाही. आणि रेघ मोडलेलीही नसणार, कारण विमान अजून उडालेलंच नाही, कशाने मोडेल? पंखाच्या झाकणातून छोटा आरसा आत धरून बघणाऱ्याला चार शहाण्या पिवळ्या रेघा दिसतील. मग दादा त्यात बसेल, इंजिन थरथरायला लागेल, आणि ते थरथरणं पंखात पोचेल. पंखाचा खालचा पत्रा तर रिव्हेट मारून केव्हाच बंद झाला, झाकणातून आरसा जातो, पाना जात नाही. उघडायचा म्हणजे रिव्हेट एकेक करून ड्रिलने काढायचे, पत्रा उचलायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा तपासणी. तपासनीस दोन महिन्यांतून एकदा इकडे फिरकतात. आणि दादाच्या हृदयाच्या डॉक्टरने मागच्याच वेळी सांगून टाकलं होतं की विमान चालवायच्या तब्येतीच्या दाखल्यावर या खेपेला मी सही करतो, पुढच्या खेपेला माझ्याकडे येऊ नका. ती सही या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंतच चालणार होती. शनिवारी पास झालं तर दादाला स्वतःचं विमान उडवायला तीन आठवडे मिळत होते. नाही झालं तर कधीच नाही. म्हणजे मी बोलले तर त्याची चौदा वर्षं जाणार, आणि नाही बोलले तर कदाचित तोच जाणार. आणि हे सगळं कशावरून, तर एका परक्या माणसाने लिफ्टमध्ये काढलेल्या एका शब्दावरून. मी स्वतःला चांगलं फटकारलं आणि दोन जिने चढून कामावर गेले.

माझं काम लोकांचे कान तपासायचं. काचेपलीकडे बंद खोलीत माणूस बसतो, मी त्याच्या कानात बारीक सूर सोडते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. शुक्रवारी पहिले आले ते एक निवृत्त शिक्षक होते. शर्टाची वरची गुंडी लावून, परीक्षेला बसावं तसे बसले होते. मी सूर सोडला, त्यांनी दाबलं. बारीक केला, दाबलं. मग मी काहीच सोडलं नाही, माझं लक्षच नव्हतं, मी पंखाच्या आडोशाला बसले होते, आणि तरी समोरचा दिवा लागला. त्यांनी दाबलं होतं. पुन्हा थांबले, पुन्हा दिवा. आत जाऊन मी त्यांना विचारलं, ऐकू आलं का खरंच? ते थोडे ओशाळले. म्हणाले, "इतका वेळ झाला होता, म्हटलं आता आला असणार." असले लोक मला रोज भेटतात. सव्वीस वर्षं मी त्यांना समजावते आहे की जे येणार असं वाटतं ते ऐकू नका, जे येतं तेवढंच ऐका, आणि मनातल्या मनात त्यांना हसतेही. त्या दिवशी मला हसू आलं नाही. त्यांना बाहेर पाठवून मी स्वतःच खोलीत जाऊन बसले, दार लावलं, डोळे मिटले. त्या खोलीत आपल्याच रक्ताचा आवाज येतो. मी टक शोधत होते. तर तो येऊ लागला. एकदा फोनच्या आधी आला, एकदा फोन वाजत असताना, एकदा आई गेली म्हटल्यावर. हवा तिथे येत होता. माझ्या कानावर माझाच विश्वास उरला नाही आणि बाहेर दुसरा माणूस खोळंबला होता.

संध्याकाळी मी दादाकडे गेले. वहिनी इस्त्री करत होती, शनिवारसाठी त्याचा पांढरा शर्ट. दादा बाल्कनीत होता, एक बूट पायात, एक हातात, पॉलिश चाललेलं. मला बघून त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, बरं झालं आलीस, उद्या तुला पुढे उभं करतो, रेघा तुझ्या आहेत. मी म्हटलं, दादा, त्या कोपराच्या ब्रॅकेटचं जरा. तो म्हणाला, "कालच बघितला आरशातून. चारही जशाच्या तशा. चौथी तर सगळ्यांत सरळ आलीय बघ तुझी." मग बुटाला थुंकी लावून घासायला लागला. मी आत आले आणि विमानाची वही मागितली. कुठल्या दिवशी काय केलं ते दादा त्या वहीत लिहितो, तपासनीसांना ती दाखवावी लागते. त्या तारखेचं पान मला शोधावंच लागलं नाही, वही तिथेच उघडली. निळ्या शाईत लिहिलेलं होतं: डावा पंख, कोपर ब्रॅकेट, चार बोल्ट झाले, रेघा बारकीने. खाली एक ओळ रिकामी आणि मग थेट एकोणीस दिवसांनंतरची तारीख. आईबद्दल काही नव्हतं. असणारही नाही, विमानाची वही ती. पण ती रिकामी ओळ बघताना माझ्या लक्षात आलं की ही नोंद दादाने त्या दिवशी लिहिलेली असणं शक्य नाही. त्या दिवशी आम्ही दिवेही न मालवता निघालो होतो. परत आल्यावर त्याने आरशातून चार रेघा बघितल्या असणार आणि लिहिलं असणार. मी त्याच्या शब्दावर रेघ ओढली होती, त्याने माझ्या रेघेवर शब्द लिहिला होता. आणि आणखी एक आठवलं. त्यानंतर दादा कधी 'झालं' म्हणालाच नाही. टक झाला की पंखावर बोटाने दोनदा वाजवायचा. ही सवय कधी लागली, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मी इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि वहिनीला विचारलं की त्या दिवशी तुम्ही फोनवर नेमकं काय म्हणालात. कुठला दिवस असं तिने विचारलं नाही. आमच्यापैकी फक्त तीच तिथे होती, आईचा हात शेवटी तिने धरला होता, आणि अकरा वर्षांत तिने आम्हाला एका शब्दाने टोचलं नव्हतं. आईच्या बाजूने कुणीतरी टोचायला हवं होतं, असं मला कधीकधी वाटतं. वहिनीने इस्त्री उभी केली. म्हणाली, "मी म्हटलं, आई गेल्या. हे म्हणाले, झालं. आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला." मी विचारलं, एकदाच म्हणाला? ती म्हणाली, एकदाच. मीही एकच ऐकलं होतं. मग तिने शर्टाची बाही उलटवली आणि मला म्हणाली की तुझा चेहरा उतरलाय, जेवून जा. मी जेवले. काय जेवले ते सांगता येणार नाही. दादा टेबलावर चमच्याने विमान उतरवून दाखवत होता, वाऱ्याचा रोख कसा धरायचा, नाक कसं वर ठेवायचं, आणि वहिनी म्हणत होती की एकदाची उडू दे ती सवत, म्हणजे मी सुटले. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते आणि प्रत्येक वेळी त्याचा तो चमचा उतरायला यायचा. निदान उतरू तरी दे, असं वाटायचं. घरी आल्यावर मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. मला नटाची भीती वाटत होतीच, पण तेवढीच नव्हती. पंख उघडला आणि तो नट सैल निघाला, तर चार बोल्ट झाले की निघतो, हे जे आम्ही आईला सांगितलं होतं, ते चार बोल्टसुद्धा झाले नव्हते असं होणार होतं. ज्यासाठी गेलो नाही, तेही नाही. हे मला दादासमोर उघडायचं नव्हतं.

शनिवारी शेडचं मोठं दार सताड उघडं होतं आणि विमान अर्धं उन्हात उभं होतं. धुऊन पुसून, नंबर रंगवून. मला सुद्धा ते देखणं वाटलं, खोटं कशाला बोलू. तपासनीस किडकिडीत, हळू बोलणारे गृहस्थ निघाले. प्रत्येक गोष्टीला बोट लावल्याशिवाय पुढे जात नव्हते. दातांच्या डॉक्टरची जुनी वही त्यांनी चाळली, दादाची पानोपान वाचली, मधेच एखादी तारीख बोटाने दाबून विमानावर ती जागा शोधायचे. त्या रिकाम्या ओळीपाशी त्यांचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे सरकलं. दादा त्यांच्या मागे पांढऱ्या शर्टात हात बांधून उभा, मोठ्या साहेबासमोर उभं राहावं तसा. डाव्या पंखाखाली त्यांनी सतरंजी अंथरली, झाकण काढलं, बॅटरी आणि आरसा आत घातला. बराच वेळ बघितलं. रेघा कुणी मारल्या, त्यांनी खालूनच विचारलं. दादाने माझ्याकडे बोट केलं. "हात चांगला आहे," ते म्हणाले. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की ते माझ्या पेशंटलाही ऐकू आलं असतं. मी दादाकडे बघत होते. त्याने केस कापून घेतले होते आणि मानेवर उन्हाचा पट्टा उघडा पडला होता. आईची मान अशीच होती. त्या मानेकडे बघत मला वाटलं की जाऊ दे, उडू दे, त्याला जे हवंय ते एकदा मिळू दे. आणि त्याच मानेकडे बघत वाटलं की ही मान मी जाऊ देऊ शकत नाही. तपासनीस उठले, गुडघे झटकले, टेबलावर कागद ठेवून पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "झालं."

"नाही झालं," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. नीट जमलं नाही, आधी लिफ्ट आली, मग फोन, मग रेघ. चौथा बोल्ट आवळल्याची खात्री मी देऊ शकत नाही, रेघ मी ओढली पण ती ऐकीव आहे, असं काहीतरी म्हणाले. तपासनीसांनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि पेनाला टोपण लावलं. त्यांनी दादाला एकच गोष्ट विचारली, की तुमच्या लक्षात आहे का, आवळला होता? दादाने पंखावर हात टेकला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो आठवत होता, आणि आठवताना त्याला कुठून जावं लागत होतं ते मला दिसत होतं. शेवटी त्याने मान हलवली, नाही. उघडून बघा, दुरुस्त करा, पुढच्या फेरीत मी परत बघतो, असं ते म्हणाले. पुढची फेरी पुढच्या महिन्याच्या अखेरीस होती. अठ्ठावीस तारखेबद्दल त्यांना माहीत नव्हतं आणि दादाने सांगितलं नाही. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. मी सतरंजीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"अकरा वर्षं, बारके?"

"परवा कळलं."

"लिफ्टमध्ये."

"लिफ्टमध्ये."

तो हसल्यासारखं काहीतरी करून आत गेला. पांढरा शर्ट काढून खिळ्याला लावला, जुना चढवला आणि ड्रिल घेऊन आला. त्याच दिवशी, लगेच. पंखाखाली आम्ही दोघं सतरंजीवर पाठीवर पडलो. तो रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिल टेकवायचा, पत्र्याचा बारीक कीस आमच्या तोंडावर पडायचा, मी सुटलेला रिव्हेट डब्यात टाकायची. दुपार झाली. मग ड्रिल थांबवून, वर बघतच तो बोलायला लागला. म्हणाला, परत आलो ना आपण तेव्हा, तेव्हा मी आरशातून आधी चौथाच बघितला. मला माहीत नव्हतं तो झाला होता की नाही. फोन घेतल्यापासूनचं काहीच आठवत नव्हतं. पण रेघ होती. तुझी रेघ बघून मला इतकं बरं वाटलं. वाटलं, निदान तेवढं तरी झालं होतं. "त्याच्यावर मी अकरा वर्षं काढली, बारके," तो म्हणाला. मी म्हटलं, आपण गेलो असतो तर आई भेटली असती. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, मला जायचं नव्हतं, दादा. त्याने कपाळावरचा कीस पुसला. मग म्हणाला, मलापण कुठे जायचं होतं. आणि पुढचा रिव्हेट काढायला घेतला.

चार वाजता पत्रा सैल झाला. तो आम्ही दोघांनी मिळून खाली वाकवला आणि ब्रॅकेट उजेडात आला. चार नट, चार रेघा. सगळ्याच चाचपून ओढलेल्या, पहिल्या तिन्ही वाकड्या होत्या. चौथी खरंच सरळ होती. दादाने चौथ्यावर पाना लावला. मी श्वास रोखला नाही, उलट मोठ्याने घेत होते, ते मला ऐकू येत होतं. पाना फिरला. टक नाही. पिवळी रेघ मधोमध तडकली आणि तिचा नटावरचा तुकडा बाजूला सरकला. पाना आणखी फिरला, दादाने तो काढून पुन्हा लावला, पुन्हा फिरवला. सव्वा फेरा गेला. मग टक. मी नीट ऐकला. येणार म्हणून नव्हे, आला म्हणून.

दादाने पाना पोटावर ठेवला आणि डोळे मिटून पडून राहिला. कडेने पाणी कानांकडे ओघळत होतं, त्यात पत्र्याचा कीस चमकत होता. मी नखाने जुनी रेघ खरवडून काढली. नवी बाटली उघडली, ब्रश बुडवला, आणि तसाच धरून बसले.

"लाव की," तो म्हणाला.

"तू म्हणाला नाहीस."

"टक ऐकलास ना?"

"ऐकला. तरी म्हण."

त्याने पंखाकडे हात नेला, बोटाने वाजवायला. मी त्याचं बोट धरलं. मग त्याने ते माझ्या हातात तसंच राहू दिलं आणि थोड्या वेळाने, फार हळू, म्हणाला, "झालं." हे नटाला की आईला, की त्या अठ्ठावीस तारखेला, मी विचारलं नाही. आता भोकातून हात घालायची गरज नव्हती, समोर सगळं दिसत होतं. तरी माझी रेघ वाकडीच आली.